आण्णांसाठी घेतलेलं ग्राफिक्स कार्ड

परवा रविवारी दुपारी पिंपळे सौदागरच्या आमच्या फ्लॅटमध्ये नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं. मी स्वतः गेम खेळत नाही. कार्ड आण्णांसाठी होतं, म्हणजे माझ्या वडिलांसाठी... वय वर्षं एकोणसत्तर.

आण्णांनी अठ्ठावीस वर्षं गाडी चालवली, आधी ट्रक आणि मग ट्रेलर. चाकणच्या कंपन्यांमधून नव्या कोऱ्या गाड्या भरायच्या आणि पार गुवाहाटीपर्यंत पोचवून यायच्या. एवढ्या वर्षांत त्यांच्या चाकाखाली कुत्रंसुद्धा आलं नाही. हे ते कधी सांगत नाहीत, त्यांचे जुने जोडीदार सांगतात.

दोन वर्षांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवा पाय ओढत चालायला लागले, बोलणं सावकाश झालं. आई आधीच गेलेली, म्हणून मी त्यांना गावाहून माझ्याकडे आणलं. दिवसभर बाल्कनीत बसून खालचा रस्ता बघायचे. कुणी गाडी चुकीची वळवली की नुसती मान हलवायचे.

माझ्या ऑफिसमधला निखिल एकदा घरी आला होता, त्याने हे पाहिलं. म्हणाला, ट्रक चालवायचा गेम असतो, माझा जुना पीसी आणि स्टेअरिंग पडून आहे, घेऊन येतो. आण्णांचा पाय चालत नाही म्हणून त्याने रेस आणि ब्रेक स्टेअरिंगच्या बटणांवर घेऊन दिले.

आण्णांनी स्टेअरिंगला हात लावला आणि पाठ आपोआप ताठ झाली. मी बघतच राहिले... पण पीसी जुना, चित्र सारखं अडकायचं. पाच मिनिटांत त्यांना गरगरायला लागलं. "रस्ता तुटतोय गं मधी मधी," म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

निखिल म्हणाला, नवीन ग्राफिक्स कार्ड टाकावं लागेल. चिंचवडच्या एका दुकानात चौकशी केली... बावन्न हजार. एका गेमसाठी?

मग मी रिव्ह्यू वाचायला लागले. निम्मे म्हणायचे घेऊन टाका. निम्मे म्हणायचे थांबा, नवीन सिरीज येतेय, भाव पडतील. थांबणं मला शहाणपणाचं वाटलं. रोज लंचमध्ये भाव बघायचे, आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजा यायला लागली होती.

तीन महिन्यांत आण्णांनी एकदाच विषय काढला. "ते कार्ड लई म्हाग हाय का?"

"जरा स्वस्त होऊ द्या आण्णा, मग घेऊ."

"ऱ्हाऊ दे मग. मला कुटं जायचंय."

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुसरा अटॅक आला. छोटा होता, चार दिवसांत घरी सोडलं. घरी आल्यावर ते जेवताना ताटातली उजवीकडची भाजी तशीच ठेवायचे. मला वाटलं भूक कमी झाली... तपासणीला गेलो तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत, पण मेंदूला मार बसलाय. उजव्या बाजूचं आता त्यांना दिसणार नाही.

त्याच आठवड्यात कार्डाचा भाव पाच हजारांनी उतरला. मी जाऊन घेऊन आले. का घेतलं, धड सांगता येणार नाही. अर्धं तरी दिसतंय ना, असं काहीतरी मनात होतं.

रविवारी निखिलने कार्ड बसवलं. या वेळी चित्र अजिबात अडकलं नाही. रस्ता, दोन्ही बाजूची शेतं, लांबचा टोलनाका, सगळं लख्ख. आण्णांनी गाडी काढली आणि दोन-तीन मिनिटं फार सुंदर चालवली. मग उजवीकडून एक कार ओव्हरटेक करत आली आणि आमच्या ट्रकने तिला घासलं.

आण्णांनी डावा इंडिकेटर दिला. गाडी हळूच कडेला घेतली, थांबवली, हँडब्रेक लावला. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"काय झालं आण्णा?"

"उजव्या अंगानं गाडी व्हती. मला दिसली न्हाई."

"अहो, गेम आहे हा. कुणाला काही लागत नाही."

आण्णा म्हणाले, "ज्याला दिसत न्हाई, त्यानं गाडीला हात लावू न्हाई."

निखिल उगाचच खोक्यातले स्क्रू गोळा करत बसला. मी किचनमध्ये गेले, नळ सोडला आणि रडून घेतलं.

बाहेर आले तर आण्णा खुर्ची बदलून शेजारी बसले होते. स्टेअरिंगच्या उजवीकडे, म्हणजे स्क्रीन त्यांच्या डाव्या बाजूला येईल असे. मला म्हणाले, "तू बस. मी सांगतो."

मला स्कूटरशिवाय काही चालवता येत नाही. दहा वेळा गाडी बंद पडली, दोनदा डिव्हायडरवर गेली. ते रागावले नाहीत. "लांब बघ. बोनेटाकडं न्हाई, लांब बघ," एवढंच सांगत राहिले.

एका वळणावर धाबा दिसला तसे बोलायला लागले. "तुझ्या जन्माची बातमी मला नागपूरच्या अलीकडं अशाच धाब्यावर कळली. मालकानं फोन घेतला व्हता. आठ दिवसांनी तोंड बघितलं तुझं." छत्तीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं... मी कधी विचारलंही नव्हतं.

एवढे पैसे घालावेत का, असं मला आता कुणी विचारलं तर काय सांगावं कळत नाही. मी भाव उतरायची वाट बघत होते, त्या तीन महिन्यांत आण्णांना दोन्ही बाजू दिसत होत्या. ते दिवस त्यांनी स्वतः गाडी चालवण्यात घालवले असते... तेवढे माझ्याकडून द्यायचे राहून गेले.