नागावात नेट दुरुस्त करताना बसलेला बांबू

मंडळी, आज दुपारी नागावात एकाने माझ्या सहकाऱ्याचं डोकं फोडलं.

मी नेटवर्क इंजिनीअर. सुट्टीची गर्दी आणि गावभर नेट रखडलेलं, म्हणून टेक्निशियन नीलेशला घेऊन राऊटरच्या खोलीत पोचले. अलिबागकडे जाणाऱ्या दोन फायबर केबलपैकी एक बंद पडली होती आणि सगळा लोड दुसरीवर आला होता. नीलेश बंद पडलेली जोडतच होता.

तेवढ्यात एक होमस्टेवाले बांबू घेऊन घुसले. "माझ्या पोरीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू मधेच बंद पडला! मुद्दाम स्लो करता काय रे?"

"दादा, जरा थांबा, होतंय," नीलेश म्हणाला.

बांबू त्याच्या कपाळावर बसला. दुसरा घाव नेटवर्कच्या स्विचवर पडला आणि उरलंसुरलं नेटही गेलं. मी त्यांना बाहेर ढकललं, आतून कडी लावली. ते दारावर लाथा घालत राहिले. माझी ओढणी नीलेशच्या रक्ताने भिजली. शेजारच्यांनी येऊन त्यांना धरलं, तेव्हाच दार उघडलं.

नीलेशला टाके पडलेत. म्हणतो, "मॅडम, तक्रार नको. उद्या मला त्याच गावात खांबावर चढायचंय."

मी पोलीस ठाण्याबाहेर गाडीत बसलेय. त्याचं ऐकू, की आत जाऊ?