उभ्या गाडीतलं बांडगूळ

अमेरिकेत क्युपर्टिनोला मुलाकडे राहायला गेले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात कळलं की या घरात बोलायची सोय नाही. मुलगा वरच्या खोलीतून ऑफिस चालवतो, सून जेवणाच्या टेबलावरून. मी तोंड उघडलं की, "आई, प्लीज, कॉल चालू आहे." कुकरची शिट्टीसुद्धा यांना विचारून व्हायला हवी. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं मी, शेवटच्या बाकापर्यंत आवाज जायचा. तो आता कुठे नेऊन ठेवायचा?

त्यात नागपूरच्या माझ्या बहिणीला ऐकू कमी येतं. तिच्याशी कुजबुजून भागत नाही. म्हणून मी रोज सकाळी किल्ली घेऊन दारातल्या गाडीत जाऊन बसायचे आणि काचा लावून तिच्याशी फोनवर मनसोक्त ओरडून बोलायचे. उन्हानं आत उकडायचं, मग बटण दाबून पंखा लावायचे. इंजिन बंदच असायचं. एवढ्याशा पंख्यानं काय होतंय, असं मला वाटायचं.

दोघंही घरूनच काम करणारे, त्यामुळे गाडी फारशी हलतच नव्हती. एका शनिवारी ती सुरूच होईना. मुलानं शेजाऱ्याच्या गाडीला वायर जोडून कशीबशी सुरू केली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. सून म्हणाली, "आई, परवा तुम्ही पिशव्या काढल्या ना, डिकीची लाइट ऑन राहिली असेल." घरात काही बिघडलं की पहिली चौकशी पाहुण्याची. डिकी मी नीट लावली होती. अशी चीड आली, पण आतून कॉलचा आवाज येत होता, म्हणून गप्प बसले.

मग मुलगा मीटर घेऊन बॉनेटपाशी उभा राहिला. बॅटरीची एक वायर सोडवून मध्ये मीटर जोडला आणि करंट कुठे जातोय ते शोधायला एकेक फ्यूज काढून आकडा बघू लागला. आकडा काही हलेना. "विअर्ड आहे यार," तो म्हणाला. "आत्ता काहीच ड्रॉ नाहीये. म्हणजे मधूनच कधीतरी काहीतरी करंट खातंय. तू शिकवायचीस ना आई, बांडगूळ, तसं. गाडी नुसती उभी असते आणि हे फुकट बसून पितं."

बांडगूळ. फळ्यावर मीच काढायचे ते, आंब्याच्या फांदीवर, रंगीत खडूनं. डोक्यात एकदम उजेड पडला आणि पाठोपाठ तळपायाची आग मस्तकात गेली.

"ते फ्यूज लाव परत," मी म्हटलं. "तुझी बॅटरी मी पिते. रोज गाडीत बसते, पंखा लावून."

"गाडीत? का?"

"बोलायला. तुझ्या घरात मोठ्यानं बोलायचं नसतं, म्हणून."

पूर्ण आवाजात बोलले. सून खिडकीत आली. मुलाचा चेहरा पडला, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. याला कळलं, असं वाटलं.

दोन दिवसांनी एक खोकं आलं. मुलानं हौसेनं फोडलं, गॅरेजमधून वायर ओढून गाडीला काहीतरी लावलं आणि मला बोलावून दाखवलं. उभ्या गाडीची बॅटरी भरत ठेवणारा चार्जर होता तो.

"आता कितीही वेळ बस आई," तो म्हणाला. "बॅटरी उतरणार नाही. सीटवर तुझ्यासाठी उशीपण ठेवलीये."

"माझं परतीचं तिकीट अलीकडचं करून दे," मी म्हटलं.

पण तोवर तो पुढच्या कॉलवर गेला होता. त्यानं हातानंच मला थांबायची खूण केली.