छप्पर नाही, म्हणजे गाव नाही

आम्ही सीमाभागातली माणसं. गावाचं नाव कसं लिहावं यावरून आमच्याकडे भरली ताटं बाजूला सारली जातात. वडील तर नव्या नावाची पाटी लावलेल्या बसमध्ये चढायचेच नाहीत. उन्हात पुढच्या बसची वाट बघायचे, आणि तिच्यावरही तीच पाटी असायची. त्यांचा मुलगा हेब्बाळच्या एका नकाशे बनवणाऱ्या ऑफिसात एसीत बसून लोकांच्या गावांची नावं ठरवतो. मीच तो.

काम सोपं आहे. उपग्रहाचं चित्र बघायचं, आकार आखायचा, काय आहे ते लिहायचं. छप्पर असेल तर घर. नसेल तर पुढे चला. पॅलेस्टाइनमधली एक टेकडी माझ्या वाट्याला आली. वर पाइनची झाडं, मध्ये बाकं, गाड्या लावायला जागा. झाडांच्या फटींतून दगडी बांधांची शेतं दिसत होती, आणि फड्या निवडुंगाच्या रांगा, काटकोनात वळलेल्या. आमच्याकडे परड्याला असंच कुंपण असतं. निवडुंग आपण होऊन काटकोनात वळत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी साहेबांना विचारलं.

"छप्पर आहे का?"

"नाही."

"सरी, मग झालं," साहेब कानडी 'बरं'वर विषय संपवत म्हणाले.

मी 'वन, सहलीची जागा' असं लिहिलं आणि डबा खायला गेलो.

आमच्या वरच्या मजल्यावर फार्मसी शिकणारा एक पॅलेस्टिनी मुलगा भाड्याने राहतो. एका रविवारी पोहे खाता खाता त्याने फोनवर आमचाच नकाशा उघडला. टेकडी तीच. अठ्ठेचाळीस साली त्याच्या आजीच्या गावाला हाकलून दिलं, मागाहून घरं पाडली. ती अजून जॉर्डनमधल्या छावणीत आहे. "इथे सहलीची जागा म्हटलंय, अंकल. असलं लिहितं तरी कोण?"

"अरे, हेच तर लिहितात!" बायको कौतुकाने म्हणाली.

मी पोह्यातले दाणे वेचत बसलो. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलेलं गावाचं नाव घालून दुरुस्ती पाठवली. साहेबांनी बोलावलं.

"तिथे कुणी राहतं?"

"राहत होते, सर."

"होते म्हणजे नाही."

हे सांगायला वर गेलो, तर आजी व्हिडिओ कॉलवर. नकाशावाला आलाय, असं मुलाने सांगितलं. शिव्या खायची माझी तयारी होती. पण तिने विचारलं, "तू वरून सगळं पाहिलंस ना? आम्हाला तिथे परतू देत नाहीत. काय उरलंय?"

मुलगा मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होता. मी आठवेल ते सांगत गेलो: झऱ्याजवळचा कट्टा, तीन भिंती, निवडुंगाची कुंपणं. कुंपणांच्या वळणांवरून आजी घरं ओळखत गेली: हे मामाचं, हे सुइणीचं. मग थांबली, आणि एकच वाक्य बोलली.

मुलाने माझ्याकडे बघितलं नाही. "इथे गाव होतं हे तुम्हाला लिहिताना कळलं होतं का, असं विचारतेय."

"कळलं होतं," मी म्हणालो.

ते त्याला तिच्या भाषेत सांगावं लागलं नाही. तिने फोन डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, झऱ्याच्या पलीकडे काय दिसतं?