चावीच्या बदल्यात कुत्रा

सोलांज बेर्तोनोच्या दारामागे एक खिळा होता आणि त्या खिळ्यावर समोरच्या चॅपेलची, म्हणजे छोट्या चर्चची, चावी. वीतभर लांब, हातात घेतली की मनगट खाली जावं इतकी जड. जगात तिची दुसरी जोड नव्हती. फ्रान्समधल्या ह्या रोशमोर गावी येणारा पाहुणा आधी सोलांजचीच घंटा वाजवायचा, कारण चॅपेलच्या दारावर पाटीच होती: ‘चावी समोर, निळ्या दाराच्या घरी.’ सोलांज एप्रनला हात पुसत बाहेर यायची, माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची आणि तळहात पुढे करायची. ठेव द्या, चावी घ्या. ओळखपत्र, गाडीची किल्ली, चष्मा, काहीही चालेल. चावी आली की ठेव परत. हा नियम तिच्या सासूने घालून दिला होता आणि सासू गेल्यावर एकेचाळीस वर्षं सोलांजने तो पाळला होता. एका नव्या नवरीने अंगठी काढून दिली होती. एका डच म्हाताऱ्याने कवळी पुढे केली होती, ती मात्र सोलांजने घेतली नाही. “असू द्या, जेवायला लागेल,” म्हणाली.

चावी देताना तिचं वाक्य ठरलेलं. “सावकाश बघा, घाई नाही.” मग पाठ म्हटल्यासारखा पुढचा रस्ता सांगायची. आधी आत भिंतीवर रंगवलेलं हसरं गाढव बघा, नऊशे वर्षांचं आहे. मग खाली नदीवर जुनी गिरणी. गिरणीपासून डावीकडे वळा, कड्याखाली गुहा लागेल, तिच्यापुढे झरा. लोक तासा-दोन तासांनी परत येत, ठेव घेत, दोन शब्द बोलत. नवरा गेला होता, मुलगी लियोंला राहायची आणि रविवारी फोन करायची. बाकी आठवडाभर सोलांजशी कोणी बोललंच तर ते हे चावीवाले. हिवाळ्यात घंटा वाजेनाशी झाली की तिला स्वतःचाच आवाज परका वाटायला लागायचा.

जुलैच्या शेवटच्या मंगळवारी दुपारी एक म्हातारा आला. ऐंशीच्या घरातला, डोक्यावर गवती हॅट, शर्टाला कडक इस्त्री, आणि दोरीला बदामी रंगाचा केसाळ कुत्रा.

“कुत्र्याला आत न्यायचं नाही, असं लिहिलंय तिथे,” तो म्हणाला.

“बरोबरच लिहिलंय. गेल्या वर्षी एकाने संतांच्या पायाशीच पाय वर केला.”

“मग ह्यालाच ठेव म्हणून ठेवून घेता?”

सोलांजला हसू आलं. “चालेल की. कवळीपेक्षा बरा.”

“चावी आली की ठेव परत देता ना?”

“तिथल्या तिथे.”

“आणि चावी आलीच नाही तर?”

“तर ठेव इथेच राहणार. पण एकेचाळीस वर्षांत असं झालेलं नाही हो.”

म्हाताऱ्याने मान डोलावली. मग खाली वाकून कुत्र्याच्या कानामागे बराच वेळ खाजवलं. “नूगा नाव त्याचं,” तो म्हणाला. “चारच्या सुमाराला खातो. वीज कडाडली की घाबरतो.”

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. तासाभरासाठी कुत्रा ठेवणारा माणूस विजेचं कशाला सांगतो, हे सोलांजच्या तेव्हा डोक्यातच आलं नाही. ती म्हणाली, “सावकाश बघा, घाई नाही.”

चार वाजले, पाच वाजले. सहाला सोलांज कुत्र्याला घेऊन समोर गेली, तर चॅपेलला कुलूप. माणूस नाही, चावी नाही, झाडाखाली गाडी नाही. तिने दारावर थापा मारल्या, हाका मारल्या. नूगा पायरीवर बसून तिची गंमत बघत राहिला.

शेजारची जिनेत लगेच हजर झाली. जिनेतला कुठे काय बिनसलंय ते भिंतीपलीकडून कळतं.

“अगं, कुत्रा टाकून गेला तो,” ती म्हणाली. “सुट्टी लागली की टाकतात लोक.”

“मग चावी कशाला नेली? टाकायचाच असता तर झाडाला बांधून गेला असता.”

“मग चोर.”

“काय चोरणार? गाढव भिंतीवरून उतरवून नेणार आहे?”

“मग वेडा असेल, आणखी काय.”

“वेड्याच्या कुत्र्याचे केस असे विंचरलेले असतात होय?”

दोघी नूगाकडे बघत राहिल्या. चावी हवी असलेला माणूस इतका चांगला कुत्रा का देईल, आणि कुत्रा नकोसा झालेला माणूस गंजकी चावी का नेईल? सोलांज हा हिशोब उलटा करून बघायची, सुलटा करून बघायची, आणि दोन्हीकडून तो चुकायचा.

दुसऱ्या दिवशी मेयर आला. जेरोम पाकेरो, पोरगेलासा, लहानपणी सोलांजच्याच चेरी चोरून वाढलेला. त्याने पोलिसांना फोन केला होता, पण कोणी हरवल्याची तक्रार नव्हती. तिच्या दारामागचा मोकळा खिळा बघून तो जरा घुटमळला.

“मादाम बेर्तोनो, मी दोन वर्षं सांगतोय. ते विजेवरचं कुलूप बसवू या. सकाळी दहाला आपोआप उघडेल, संध्याकाळी सहाला बंद. तुम्हालाही उठबस नको.”

“मी कधी म्हटलं मला उठबस नको म्हणून?”

“तुम्ही म्हणणार नाहीच. पण पंधरा ऑगस्टला मेरीमातेचा सण, त्या दिवशीची मिस्सा-प्रार्थना तोंडावर आलीय. चौदाला सकाळी मिस्त्री येईल आणि जुनं कुलूप काढेल. तोवर चावी आली, तर तुम्ही आहात तोवर सगळं जुनंच चालेल. शब्द देतो.”

पोरगा वाईट नव्हता. आपण हिचे कष्ट वाचवतोय असंच त्याला मनापासून वाटत होतं. तो गेल्यावर सोलांज खुर्चीत बसली आणि कुत्र्याला म्हणाली, “कुलूप आपोआप उघडायला लागलं, तर माझी घंटा कोण वाजवणार रे?” नूगाने शेपटी हलवली. चार वाजले होते.

तिसऱ्या दिवशी तिला वाटलं, म्हातारा कुठे पडला-बिडला तर नसेल? ती काठी घेऊन निघाली. खरं सांगायचं तर गिरणीच्या पुढे ती कधी गेलीच नव्हती. लोकांना रस्ता सांगायचं काम तिचं, चालायचं काम लोकांचं. पण नूगाला सगळं ठाऊक होतं. दोरी ताणत तो सरळ नदीवर गेला, गिरणीच्या बांधापाशी एका बाकाखाली जाऊन बसला. चांगली पाच मिनिटं बसला, मग आपणहून उठला. फाट्यावर तो उजवीकडे वळला.

“डावीकडे!” सोलांज म्हणाली आणि त्याला ओढत डावीकडे घेऊन गेली. पाऊण तास चालून दोघं पोहोचली ती शेळ्यांच्या गोठ्यामागच्या उकिरड्यावर.

सोलांज तिथे काठी टेकून उभीच राहिली. एकेचाळीस वर्षं! किती शिक्षक, किती नवपरिणीत जोडपी, किती इंग्रज तिने ह्या उकिरड्यावर पाठवले असतील! आणि झाडून सगळे परत येऊन म्हणायचे, फारच सुंदर, मादाम. तिला काही कळेनासंच झालं. लोक खोटं बोलत होते की त्यांना उकिरडा आवडत होता?

मग कुत्रा नेईल तिकडे ती निमूट गेली. कड्याखाली गुहा होती, तिच्या तोंडातून गार हवा येत होती, वर आयव्हीच्या वेलींचा पडदा. पाण्यावरून एक खंड्या निळी रेघ ओढून गेला. पुढे झरा, त्याचं पाणी हिरवं आणि इतकं नितळ की तळाचे गोटे मोजता यावेत. हे सगळं इतकं जवळ होतं आणि आपण सत्तरी ओलांडून ते आज बघतोय, ह्याची तिला लाज वाटली आणि थोडा रागही आला, कोणाचा ते कळलं नाही. आणखी एक गोष्ट तिला कळेना. नूगा प्रत्येक ठिकाणी ठरलेल्या जागी बसायचा, पण मधोमध नाही. कडेला सरकून, शेजारी दोन माणसांची जागा ठेवून.

परत येताना गिरणीपाशी होड्या भाड्याने देणाऱ्या बाईने हाक मारली, “अरे, नूगा! आणि कादू कुठे राहिले?”

“कोण कादू?” सोलांजने विचारलं.

“ह्याचे मालक! दर जुलैत येतात की, नवरा-बायको. बारा-तेरा वर्षं झाली. तुमच्याकडूनच चावी घेतात ना?”

सोलांजला आठवेना. इतके चेहरे येऊन गेले होते. आणि ते दोघं चॅपेलला गेले की हा कुत्रा म्हणे होड्यांपाशी बांधलेला असायचा.

“मार्चमध्ये बायको गेली त्यांची,” ती बाई सांगत होती. “मंगळवारी एकटेच आले होते. म्हणाले, एकदा सगळं फिरून घेतो. एक तारखेपासून तालुक्याच्या गावी वृद्धाश्रमात जाणार होते. मी म्हटलं, आणि नूगाचं काय? तिथे कुत्री ठेवू देत नाहीत. तर म्हणाले, खोऱ्यात एक बाई आहे, तिच्याकडे ठेवलेली वस्तू कधी हरवत नाही.”

सोलांज बाकावर बसली. नूगा तिच्याजवळ आला, कडेला सरकून बसला.

तिला राग यायला हवा होता, आणि तो येईना. मग माणसाने सरळ विचारायचं ना, कुत्रा सांभाळता का म्हणून! पण सरळ विचारलं असतं तर आपण दार लावून घेतलं असतं, हेही तिला माहीत होतं. नवऱ्याचा कुत्रा मेला तेव्हाच तिने जिनेतला सांगितलं होतं, आता ह्या घरात पुन्हा कुत्रं नाही. ठीक, कुत्र्याचं समजलं. पण चावी का नेली? ती कशाला हवी होती त्याला?

पुढचे दिवस तिने ह्याच गोंधळात काढले. पत्ता मिळाला होता, तरी तिचं पाऊल उचलेना. एक मन म्हणे, जा आणि घेऊन ये, तुझीच चावी आहे. दुसरं म्हणे, चावी घेतलीस की ठेव परत करावी लागेल, नियम तुझाच आहे. शेवटी तेरा तारखेला जिनेतच म्हणाली, “चल, बस गाडीत. नाहीतर उद्या ह्याच वेळी मिस्त्री तुझी घंटा कायमची बंद करेल.”

वृद्धाश्रमाच्या फाटकावर कुत्र्याला अडवलं. जिनेत नूगाला घेऊन गाडीत थांबली आणि सोलांज एकटी आत गेली. वाटेत तिने सगळं भाषण तयार केलं होतं, चांगलं खरमरीत.

कादू दाट सावलीच्या एका झाडाखाली बसला होता. तोच शर्ट, पण आज इस्त्री नव्हती. कोटाचा उजवा खिसा वजनाने खाली ओढला गेला होता. सोलांजला बघताच त्याचा चेहरा उतरला आणि तो धडपडत खिशातून चावी काढायला लागला.

“चुकलंच माझं,” तो म्हणाला. “चॅपेल इतके दिवस माझ्यामुळे बंद.”

“चावी का नेलीत? तेवढं सांगा मला. माझं डोकं फिरायची वेळ आलीय.”

त्याने चावी बाहेर काढून मांडीवर धरली. “चावी परत केली असती तर तुम्ही कुत्रा परत दिला असता. आणि इथे मला तो ठेवता येत नाही.”

“मग मला देऊन टाकायचा.”

“तेच तर तोंडातून निघेना, मादाम. देऊन टाकला असं म्हणवेना. बायको असताना एकेक गोष्ट घरात आणली, ती गेल्यावर एकेक देऊन टाकली. ह्याला फक्त ठेव म्हणून ठेवलाय, एवढं म्हणता येत होतं. रात्री खिशाला हात लावला की वाटायचं, आहे अजून माझा. कुठेतरी ठेवलेला आहे.” त्याने चावी पुढे केली. “घ्या. नियम नियम आहे.”

इतक्या वर्षांची सवय. सोलांजचा तळहात आपोआप पुढे झाला. चावी त्यात पडली, मनगट खाली गेलं. उद्या सकाळी मिस्त्रीला परत पाठवता येईल. परवा मिस्सेला लोक येतील, घंटा वाजेल, पुढच्या उन्हाळ्यात वाजेल, त्याच्या पुढच्याही. तयार केलेल्या भाषणातला एकही शब्द तिला आठवेना.

“गाढव कसं वाटलं?” तिने विचारलं.

“बघितलंच नाही,” कादू म्हणाला. “दारापर्यंत गेलो. ती नेहमी आधी आत जायची. कुलूप उघडायला हातच धजेना.”

सोलांजने चावी त्याच्या हातात परत ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून तिच्यावर मिटवली. हे आपण काय करतोय, ते तिला नीटसं कळत नव्हतं. पण हात करत होते.

“मग झालं तर,” ती म्हणाली. “सावकाश बघा. घाई नाही.”

मग तिने त्याला दंडाला धरून फाटकापर्यंत चालवत नेलं आणि जिनेतला गाडीचं दार उघडून नूगाला बाहेर सोडायला सांगितलं.

चौदाला सकाळी मिस्त्री यंत्र घेऊन चॅपेलच्या पायरीवर बसला. जेरोम दारावरची पाटी काढत होता. सोलांज नूगाला घेऊन आली तसा तो पाटी हातात धरून अवघडून उभा राहिला. निळ्या दाराचा पत्ता उलटा होऊन जमिनीकडे बघत होता.

“कळलं मला, काल जाऊन आलात,” तो म्हणाला. “भेटला का तो माणूस?”

“भेटला.”

“चावी त्याच्याकडेच होती?”

“त्याच्याकडेच.”

“मग?” जेरोमने तिच्या रिकाम्या हातांकडे बघितलं, मग कुत्र्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. “मग आणली का नाहीत?”

सोलांजने त्याच्या हातातून पाटी घेतली आणि काखेत धरली.

“त्यांचं बघून व्हायचंय अजून,” ती म्हणाली.