दाराआडची तीन मिनिटं

ऑर्विल स्लोन स्वतःच्याच कुत्र्याला भिऊन लपतो, ही बातमी टर्की फोर्कच्या खोऱ्यात पसरली ती थेट चर्चमधून. पसरवली लुरीन कॉम्ब्सने, आणि तीही डोळे मिटून. आमच्याकडे कुणाची चहाडी करायची झाली की ती प्रार्थनेच्या यादीत घालतात. देवासमोर बोललेलं, मग टोकायची कुणाची हिंमत?

त्या रविवारी पाद्रीबाबांनी नेहमीसारखं विचारलं, "आज कुणासाठी प्रार्थना करायची आहे?" लुरीन लगेच उठली. "आमच्या शेजारच्या ऑर्विलसाठी. त्याच्या डोक्यासाठी. बिचारा रोज मांस धुरवायच्या खोपटामागे जातो, कुत्र्यापासून लपून उभा राहतो आणि तिथून खोकत बसतो. ऑक्सिजन मेंदूपर्यंत पोचत नसणार." दुपारची कोंबडी तळून होईतो बातमी खोऱ्याच्या वरच्या टोकाला पोचली होती, आणि तिथे पोचेपर्यंत ऑर्विल कुत्र्यावर भुंकायलाही लागला होता.

यातलं लपणं खरं होतं आणि खोकणंही खरं होतं. भिणं तेवढं खोटं. डोकं तर खोऱ्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा ठिकाणावर होतं. गंमत म्हणजे ऑर्विल खोपटामागे असायचा तेव्हा अंगणात कुत्र्याचा पट्टा धरून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा असायचा तो होबर्ट, म्हणजे लुरीनचाच नवरा. त्याला सगळं माहीत होतं. पण बायकोला सांगायचं नाही, असं ऑर्विलने त्याच्याकडून वचन घेतलं होतं. बायकोने मधल्या कुंपणावरून नुसतं खोपटच पाहिलं. नवरा पडला कोपऱ्याआड.

ऑर्विल सदुसष्ट वर्षांचा. एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत छताला लोखंडी सळया ठोकायच्या यंत्रावर होता. दगड डोक्यावर पडू नये म्हणून सळया ठोकायच्या, आणि ठोकताना उडालेली दगडाची पूड छातीत भरून घ्यायची. डोकं वाचलं. छातीत काय झालं ते डॉक्टरांनी भिंतीवर फोटो लावून दाखवलं, तेव्हा म्हणाला, "हा माझा फोटो आहे की खाणीचा?" तेव्हापासून नाकात नळी, आणि मागे चाकांवरची ऑक्सिजनची टाकी. बायको इमोजीन सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगी डार्ला दूर लेक्सिंग्टनला, भाड्याच्या घरात.

कुत्रा त्याने आणला नव्हता. कुणीतरी चालत्या गाडीतून खोऱ्याच्या तोंडाशी फेकून दिलेलं पिल्लू होतं ते. मोठ्या डोक्याचं, आखूड केसांचं, ज्या जातीला बघून लोक रस्ता बदलतात त्या जातीच्या जवळपासचं. नाव ठेवलं बॉस. एकतीस वर्षं खाणीवरच्या बॉसने त्याला ऊठ म्हटलं की उठावं लागलं होतं. आता तो दिवसातून वीस वेळा म्हणायचा, "बॉस, खाली बस. बॉस, गप." होबर्ट म्हणायचा, "लेका, तुझी पेन्शन ही खरी."

दोन वर्षांपूर्वी भर दुपारी ऑर्विल बटाट्याच्या वाफ्यात आडवा झाला. खोकता खोकता श्वास अडकला, टाकी पायरीपाशी राहिलेली. बॉसने असा काही गळा काढला की होबर्ट ट्रकखालून सरपटत बाहेर आला. तेवढ्यात बॉसने कुंपण ओलांडलं आणि होबर्टची विजार दातात धरून त्याला ओढत नेलं. ऑर्विल वाचला. त्या दिवशी बॉसला बोलोनाची, म्हणजे जाड मांसाच्या सॉसेजची, अख्खी चकती तळून मिळाली. पुढे ऑर्विल जरा जोरात खोकला की बॉस धावत यायचा, छातीवर डोकं ठेवायचा, गळा काढायचा, आणि बोलोना मिळवायचा. खोऱ्यात सगळे म्हणायचे, काय गुणी जनावर!

तोच गुण आडवा आला.

गेल्या ऑक्टोबरात डॉक्टर म्हणाले, पुढच्या नाताळाचं काही सांगता येणार नाही. ऑर्विल म्हणाला, "याच नाताळाचं सांगा, म्हणजे भेटवस्तू घ्यायच्या का ते ठरवतो." घरी येऊन त्याने मुलीला फोन केला. स्वतःबद्दल एक वाक्य बोलला आणि मग पाऊण तास कुत्र्याबद्दल.

"डॅडी, मी नेईन हो त्याला. पण आमचा घरमालक असल्या कुत्र्याला दारात उभं करणार नाही," डार्ला म्हणाली. "परवाना लागतो. सभ्य वागणुकीचं प्रमाणपत्र. परीक्षा असते त्याची."

"कुत्र्याला प्रमाणपत्र? माझ्याकडेच कुठलं नाही."

"म्हणून तर तुम्हाला कुणी भाड्याने घर देत नाही," डार्ला म्हणाली. नेलं नाही तर बॉसची रवानगी कुठे होणार, ते दोघांना ठाऊक होतं. तालुक्याच्या कोंडवाड्यात अशा डोक्याच्या कुत्र्याला पाच दिवस ठेवतात. सहावा दिवस नसतो.

परीक्षा नोव्हेंबरात आगीच्या बंबाच्या शेडमध्ये होती. घेणाऱ्या मिस फ्रीडा व्हिट. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेलं, त्यामुळे कुत्र्यांशीही त्या तिसरीतल्या पोरांशी बोलावं तशाच बोलायच्या. एकूण दहा गोष्टी. अनोळखी माणूस हात मिळवतो तेव्हा गप्प बसणं, अंगावरून ब्रश फिरवू देणं, पट्टा न ताणता चालणं, गर्दीतून जाणं, पाठीमागे पातेलं आपटलं तरी न बिथरणं, असं एकेक. बॉसने नऊ गोष्टी अशा केल्या की मिस फ्रीडांनी चष्मा काढून पुसला. दहावी गोष्ट सगळ्यांत सोपी. मालकाने पट्टा परक्याच्या हाती द्यायचा, नजरेआड जायचं, तीन मिनिटं यायचं नाही. कुत्र्याने रडायचं नाही, ओढायचं नाही.

ऑर्विल बाहेर ट्रकमध्ये जाऊन बसला. थंड हवा छातीत गेली आणि खोकला सुटला. त्याचा खोकला कसला, रिकाम्या पिंपात दगड लोटावेत तसा. पत्र्याच्या दारातून तो आत पोचला, आणि बॉसने गळा काढून मिस फ्रीडांना सबंध शेडभर फरपटत नेलं. त्यांचा एक बूट बंबाच्या चाकाखाली सापडला.

"नापास," बूट घालता घालता त्या म्हणाल्या. "मार्चमध्ये परत या. आणि मिस्टर स्लोन, त्या खोकल्याचं काहीतरी करा."

"त्याचंच चाललंय, मॅडम," ऑर्विल म्हणाला. "फार दिवस नाही राहणार."

खोकला थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. मग राहिला कुत्रा. ज्या गुणाने जीव वाचला तो गुण त्याच्या हाडामांसातून काढायचा, असं ऑर्विलने ठरवलं. म्हणून ते खोपट. होबर्टने पट्टा धरायचा, ऑर्विलने खोपटामागे जाऊन मुद्दाम खोकायचं. बॉस उठला की काही नाही. पडून राहिला की बोलोनाचा तुकडा. पहिल्यांदा दहा सेकंद, मग वीस, मग मिनिट. खोटा खोकला मध्येच खरा व्हायचा. होबर्टला फरक कळायचा नाही. बॉसला कळायचा, तो होबर्टच्या तोंडाकडे बघत बसायचा.

प्रार्थनेनंतरच्या सोमवारी होबर्टने नाइलाजाने बायकोला खरं सांगितलं. मंगळवारी लुरीन मक्याच्या पावाचा तवा घेऊन ऑर्विलच्या दारात. माफी मागायची असली की ती तवा आणते, माफीचा शब्द काढत नाही.

"म्हणजे उद्या तू घरात पडलास तर हा मेला चूपचाप बघत बसणार?"

"बसायलाच पाहिजे."

"आणि आम्हाला कळायचं कसं?"

"रविवारी चर्चमध्ये तू सांगशीलच की."

लुरीनने तवा टेबलावर आपटला. मागे पातेलं आपटलं तरी बिथरायचं नाही, हे बॉस शिकलेला होता. तो हलला नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग ऑर्विलकडे. "देवाने एक राखणदार दिलाय तुला, आणि तू त्याचं तोंड शिवतोयस."

"राखून राखून किती राखेल तो, अगं लुरीन? राखायचं काय उरलंय बघ तरी. त्याच्या पुढे मात्र दहा वर्षं आहेत."

लुरीनकडे उत्तर नाही, ही बातमी खरं तर चर्चमध्ये सांगण्यासारखी, पण ती सांगायला कुणी उठलं नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी ऑर्विल चुलीपाशी बीन्सचं भांडं ढवळत होता. नळी कशाततरी अडकून नाकातून निसटली आणि ती हुडकायला तो वाकला, तोच खोकला आला. या खेपेचा वेगळा होता. गुडघे टेकले, मग हात टेकले, मग गाल फरशीला लागला. डोळ्यांसमोर टेबलाचे पाय, आणि त्यांच्यामागे बॉस. बॉस उठला. दोन पावलं पुढे आला. तोंड उघडलं. ऑर्विलच्या मनात आलं, भुंक. एकदाच भुंक, बाबा. तोंडातून शब्द निघणं शक्यच नव्हतं. बॉस तसाच उभा राहिला, अंग थरथरत होतं. मग शिकवल्याप्रमाणे खाली बसला आणि पुढच्या पंजांवर हनुवटी टेकली. डोळे मात्र ऑर्विलवर.

नळी हाताला लागली हे नशीब. श्वास परत यायला किती वेळ लागला ते त्याला सांगता आलं नाही. बीन्स करपून घरभर धूर झाला होता एवढं खरं. बसता आलं तसा तो सरपटत फ्रीजपर्यंत गेला, बोलोनाचा डबा काढला, आणि एक तुकडा तोडून बॉसपुढे धरला. "शाब्बास," म्हणाला. बॉसने तुकडा हुंगला, पण खाल्ला नाही.

हे त्याने होबर्टला सांगितलं, ते ट्रकमध्ये, मार्चमधल्या परीक्षेच्या दिवशी, शेडच्या दारात पोचल्यावर. होबर्ट किल्ली हातात धरून बसून राहिला. "परत जाऊ या का?" त्याने विचारलं.

"टाकी उतरव," ऑर्विल म्हणाला.

आत मिस फ्रीडांनी आधी कागद पुढे केला. मालकाने सही करायची: या कुत्र्याच्या पोटापाण्याची, आरोग्याची जबाबदारी माझी.

"किती दिवस?" ऑर्विलने विचारलं.

"तो जगेल तोपर्यंत, मिस्टर स्लोन."

ऑर्विलने पेन हातात धरून ठेवलं. मग सही केली, आणि खाली, कुणी विचारलेलं नसताना, डार्लाचं नाव आणि फोन नंबर लिहिला. शाळेत कागदाबाहेर लिहिलेलं मिस फ्रीडांना कधीच चाललं नव्हतं. त्यांनी कागद तसाच ठेवून घेतला.

नऊ गोष्टी झाल्या. पातेलं आपटलं, खुर्ची पाडली, दुसरा कुत्रा शेजारून गेला. बॉस चर्चमध्ये बसल्यासारखा, होबर्ट भिंतीपाशी उभा. मग मिस फ्रीडांनी पट्टा हातात घेतला, या खेपेला पायात घट्ट नाडीचे बूट होते. ऑर्विलने टाकी ओढत शेडच्या मागच्या स्वयंपाकघरात जाऊन दार लोटलं. तिथे वर्गणी गोळा करायला घालतात त्या तळलेल्या माशांच्या जेवणाचा तेलकट वास भिंतींत मुरलेला. एक बादली उपडी घालून तो बसला, आणि घड्याळाकडे बघू लागला.

पहिलं मिनिट गेलं. दुसऱ्यात घसा खाजायला लागला. त्याने ओठ आवळले, मूठ तोंडात घातली, कानाच्या पाळ्या गरम झाल्या, डोळ्यांतून पाणी आलं. बॉस शिकलाय हे माहीत होतं, तरी त्याला ती परीक्षा आज घ्यायची नव्हती. दोन मिनिटं वीस सेकंदांवर मूठ सुटली. जे बाहेर पडलं ते थांबेचना. बादली सरकली, तो भिंतीला टेकला, आणि त्या सगळ्या धडधडीतही त्याचा कान दाराकडे होता. सिमेंटवर नखांचा आवाज यायला हवा होता. एक हुंदका, पट्ट्याचा एक हिसका. काही नाही. पलीकडे सगळं शांत होतं.

दार उघडलं ते मिस फ्रीडांनी. त्याचे ओठ निळे झालेले पाहून त्यांनी आधी टाकीची चावी आणखी उघडली, मग खांद्यावर हात ठेवला. "वेळ संपली, मिस्टर स्लोन. तुम्ही येऊ शकता."

बॉस जिथे बसवला होता तिथेच होता. ऑर्विलला पाहून शेपटी दोनदा जमिनीवर आपटली. पण "ये" म्हणेपर्यंत उठला नाही.

परतीच्या वाटेवर तिघं ट्रकच्या एकाच बाकावर. मध्ये बॉस, त्याचं जड डोकं ऑर्विलच्या मांडीवर, आणि डोक्यावर प्रमाणपत्राचा लिफाफा. खोऱ्याच्या वळणावर होबर्टने ट्रक थांबवला.

"ऐकलं त्याने, ऑर्विल. मी बघत होतो. कान उभे झाले, माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग हनुवटी खाली ठेवली," तो म्हणाला. त्याने स्टिअरिंगवर मूठ आपटली. "तिकडे तू मरत होतास, लेका! आणि हा ढिम्म बसून राहिला. कसला कुत्रा हा?"

ऑर्विल म्हणाला, "पास झालेला. चालव गाडी."