चिमटाताई बोटीवर का गेल्या नाहीत

समुद्रतळाचा चिखल आमच्या प्रयोगशाळेत फॉर्मॅलिन घातलेल्या बादल्यांतून येतो. तो चाळायचा आणि उरलेल्यातून किडे वेचायचे, हे काम ताई सव्वीस वर्षं करत होत्या. हातात सदा चिमटा, आणि बोलतानाही चिमटे काढायची सवय, म्हणून त्या चिमटाताई. चाळताना किडे तुटतात, तेव्हा फक्त डोकी मोजायची. मी नवीन असताना शेपट्याही मोजल्या, तर म्हणाल्या, उद्यापासून स्वतःचं डोकंही आणत जा.

त्यांचा लाडका किडा बोटभर लांबीचा. वाळूचे कण चिकटवून तो स्वतःभोवती नळी बांधतो. नळीला तो कुठेही जोडलेला नसतो, तरी जन्म तिथेच काढतो. मला तो शुद्ध आळशी वाटायचा. तसं म्हटलं की ताई दिवसभर माझ्याशी बोलत नसत.

हा किडा त्यांनी जिवंत कधी पाहिलाच नव्हता. फॉर्मॅलिनमधून येतो तो मेलेलाच; जिवंत बघायचा तर चिखल काढणाऱ्या बोटीवर जावं लागतं. घरी दोन खोल्या आणि पायांनी अधू झालेले वडील. दर वर्षी बोटीच्या यादीत ताईंचं नाव लागे आणि दर वर्षी वडिलांचं काहीतरी दुखणं निघे. आम्ही म्हाताऱ्याच्या नावानं बोटं मोडायचो. यंदा ताई निवृत्त होणार होत्या, म्हणजे ही शेवटचीच संधी. वडिलांना दहा दिवस आपल्या घरी न्यायचं भावानं कबूल केलं, तेव्हा ताईंनी सगळ्यांना चहा पाजला.

निघायच्या सकाळी मी जीप घेऊन त्यांना आणायला गेले. दार उघडंच होतं. भरलेली बॅग चपलांपाशी ठेवलेली, आणि ताई पाठमोऱ्या उभ्या राहून साहेबांना फोनवर सांगत होत्या की बाबांचा रक्तदाब फार वाढलाय, येणं जमणार नाही. आवाज अगदी चोख. मला म्हाताऱ्याचा असा काही राग आला!

फोन ठेवून त्या वळल्या आणि मला बघून जागीच थिजल्या. त्यांच्यामागे आतल्या खोलीत वडील खुर्चीवर बसले होते. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कपड्यांची पिशवी.

"दर वर्षी हेच सांगतेस का गं?" त्यांनी विचारलं.

ताईंनी चपलांपाशी ठेवलेली बॅग उचलून आत ठेवली.

"मी पहाटेपासून तयार होऊन बसलोय," ते म्हणाले. "मला जायचं होतं."