सहा गोळ्या आणि एक ‘हं’

एक ‘हं’ मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. बायकोलाही नाही, आणि तो म्हटला होता तिलाच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोरेगावच्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवत होतो. दाढ सुजली म्हणून बायकोनं आठवडाभर जंतू मारायचं कडक औषध घेतलं. दाढ दुखायची थांबली आणि दुसरंच सुरू झालं. खाली खाज, लघवीला आग, फाटलेल्या दुधासारखं घट्ट पांढरं जाणं. वास मात्र नाही. हे तिनं मला भाकरी थापताना, तव्याकडे बघत सांगितलं. गावातल्या पुरुष डॉक्टरकडे यायला ती तयार होईना. मग मीच त्यांना सांगितलं आणि चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेलो.

दुकानदार पुढं वाकून हळूच म्हणाला, “सर, पोटात घ्यायच्या न्हाईत बरं का. झोपताना आत सरकवायच्या. ही नळी त्यासाठीच हाय.”

मागं ओळखीचे दोघं उभे होते. मी मान हलवली, नळी खिशात घातली.

घरी गोळ्या दिल्या. “रोज झोपताना एक.”

“पाण्यासंगं?”

“हं.”

दुसऱ्या दिवशी वर्गात मी ओल्या भाकरीवरची बुरशी दाखवत तासभर बोललो. नळी मी प्रयोगशाळेच्या कपाटात, परीक्षानळ्यांच्या मागं लपवली.

सहा दिवस तिनं त्या गिळल्या. “लय मोठी हाय ओ, घशात अडकती.” आग वाढली. ती साबणानं धूत राहिली, त्यानं आणखी सोलवटलं. शेवटी साताऱ्याला बाईडॉक्टरकडे गेलो. मी पडद्याबाहेर.

“गोळ्या कशा घेतल्या?”

“पाण्यासंगं.”

“अगं, खाल्ल्यास? कुणी सांगितलं नाही?”

“सांगितलं असंल. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं नसंल.”

मला आत बोलावलं. “खाऊन अपाय झाला नाही, पण जिथं पोचायच्या तिथं पोचल्या नाहीत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ही बुरशी अंगात थोडी असतेच. दाढेच्या औषधानं तिला आवरणारे जंतू मेले, मग ती माजली. यात हिच्या अस्वच्छतेचा दोष नाही, वागण्याचाही नाही. आत साबण नको, कपडे सुती, आणि बरं वाटलं तरी सगळ्या गोळ्या संपवायच्या. परत परत झालं तर रक्तातली साखर बघू. बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसलीच मला.”

तेव्हा माझ्या तोंडून माफी नाही, हे निघालं, “मला बघता येईल?”

त्या हसल्या. मी डोळा लावला. बारीक धागे, त्यांना चिकटलेले गोल कोंब. वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलो तसलीच आकृती! क्षणभर मी सगळं विसरलो.

एसटीत तिनं विचारलं, “काय दिसलं ओ?” कोरेगाव येईपर्यंत मी सांगत राहिलो.

“आवं हळू, कंडक्टर ऐकतोय,” म्हणून ती हसली. नव्या गोळ्या तिनं नीट वापरल्या, आठवड्यात बरी झाली. मी सगळं सांगितलं होतं, ‘हं’ सोडून.

पुढं ती शेजारणींना सांगायची, “मी येडी, खाल्ल्या की बया सहाच्या सहा! तुमी नीट ईचारून घ्या.” बायका खिदळायच्या. आतल्या खोलीत मी पेपर तपासत असायचो.

ती येडी नव्हती. तिनं विचारलं होतं. दुकानदारानं मला सांगितलं होतं आणि मी तिला चुकीचं सांगितलं, हे तिच्यासमोर बसून बोलणं अजून माझ्याकडे बाकी आहे.